ग्लिन पॅरीचं डोकं

फुनाबोरीतल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ग्लिन पॅरी राहतो. वय चौसष्ट, उंची सहा फूट तीन इंच, मूळचा वेल्सचा, गेली पस्तीस वर्षं जपानमध्ये. आज त्याला नाव विचारलं तर तो सांगतो. काय काम करायचास, असं विचारलं तर कपाळावर दोन बोटं आपटून दाखवतो आणि हसतो. ते हसू बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. राग त्याचा नाही. ज्यांनी ते कपाळ हातोड्यासारखं वापरून घेतलं त्यांचा आहे. आणि माझा स्वतःचाही आहे, कारण एका दिवशी मीही त्यांच्याच बाजूने बोलले.

उत्तर वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. आपण लहानपणी ज्या पाटीवर अक्षरं गिरवली तोच काळानिळा दगड. ग्लिनचा बाप त्या खाणीत होता, आजाही होता. घरात, दुकानात, प्रार्थनाघरात वेल्श भाषा. इंग्रजी तो शाळेत गेल्यावर शिकला, माझ्यासारखाच. सोळाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबच्या माणसाने त्याला हेरलं. उंच पोर, हाडापेराने मजबूत, हवेत चेंडू आला की समोर कोण आहे ते न बघता उडी घेणारं. त्याला सेंटर-हाफ केलं, म्हणजे आपल्या गोलपुढे उभं राहायचं आणि येईल तो चेंडू डोक्याने परतवायचा.

"रोज सकाळी शंभर," त्याने मला एकदा सांगितलं होतं. "छताला दोरीने चेंडू टांगलेला. पावसात भिजून दगड झालेला. शंभर झाल्याशिवाय नाश्ता नाही. मी एकशेवीस मारायचो."

"का?"

"कारण मी गाढव होतो."

तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमध्ये तो बारा वर्षं खेळला, चारशेच्या वर सामने. वेल्सच्या राष्ट्रीय संघात दोनदा निवड झाली. दोन्ही वेळा बाकावर बसून परत आला. ती लाल जर्सी अजून कपाटात आहे. तिला मातीचा एक डाग नाही. एकोणतिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले, तिकडच्या क्लबने नारळ दिला, आणि एका दलालाने विचारलं, जपानला जातोस का?

कावासाकीत एक पोलाद कंपनी होती, अजूनही आहे. तिचा स्वतःचा संघ होता. नाव लिहायला हात शिवशिवतो आहे, पण ग्लिनची बायको तोशिए-सान नको म्हणतात. जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक लीग सुरू व्हायची होती. खेळाडू सकाळी कारखान्यात काम करायचे आणि दुपारी सराव. १९९० साली ग्लिन तिथे आला आणि पहिल्याच मोसमात कॉर्नरवर उड्या मारून डोक्याने पाच गोल केले. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं, इशिआतामा. शब्दशः दगडी डोकं. बोलण्यात हट्टी माणसालाही तेच म्हणतात. कुणीतरी मोठा कापडी फलक रंगवला. पुढची सात वर्षं तो फलक प्रत्येक सामन्याला फडकत राहिला आणि त्याच्याखाली ग्लिन डोकं आपटत राहिला.

तोशिए-सान त्या कंपनीच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. कारखान्यात कुणाचं बोट कापलं, कुणाला भाजलं, की त्या पट्टी करायच्या. सामन्याच्या दिवशी बर्फाची पेटी आणि पाण्याची बादली घेऊन मैदानाच्या कडेला बसायच्या. ग्लिन त्यांना पहिल्यांदा भेटला तो उताणा पडलेला असताना. नंतर पट्टी बदलायला म्हणून येऊ लागला, मग पट्टी नसतानाही येऊ लागला. १९९५ साली त्यांनी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही.

छत्तिसाव्या वर्षी त्याने खेळणं थांबवलं. कंपनीने काही वर्षं त्याला लहान मुलांचा प्रशिक्षक म्हणून ठेवलं, मग एके वर्षी करार वाढवला नाही. मग हे दोघे फुनाबोरीला आले. तो इंग्रजी शिकवायचा आणि शनिवारी-रविवारी नदीकाठच्या मैदानावर वॉर्डातल्या मुलांना फुटबॉल.

आम्ही २०१५ साली इथे आलो. नवरा विश्वजित आयटीत, मीही घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचे. पहिल्याच आठवड्यात मी जळणारा कचरा न जळणाऱ्याच्या दिवशी ठेवला आणि कुणीतरी त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली. मी ती पिशवी हातात धरून रडकुंडीला आले होते. मागून ढगाच्या गडगडाटासारखा आवाज आला, "प्लास्टिक बुधवारी. बाटल्यांची झाकणं वेगळी. आणि त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे लक्ष देऊ नकोस, ती मलाही चिठ्ठ्या लावते." जपानी कचऱ्याची शिस्त मला एका वेल्श माणसाने शिकवली. पुढे घसट वाढली. मी साबुदाण्याची खिचडी दिली की तोशिए-सान डबा रिकामा परत करायच्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या जेवणघरात ग्लिन मोठमोठ्याने जपानीत गप्पा मारायचा. कारखान्यात शिकलेली रांगडी जपानी, तोशिए-सान लाजून तोंडावर हात धरायच्या.

ती जपानी आधी गेली.

सुरुवात छोट्या गोष्टींनी झाली. २०२१च्या हिवाळ्यात फुनाबोरी स्टेशनवर तो दोन तास फिरत राहिला, घराकडचा दरवाजा सापडेना. मग कचऱ्याच्या पिशव्या चुकीच्या दिवशी ठेवू लागला, आणि चिठ्ठी लागली की संतापायचा. एकदा त्याने पिशवी उचलून रस्त्यावर भिरकावली. शांत माणूस होता असं मी म्हणणार नाही, पण असा नव्हता. डॉक्टरांनी मेंदूचे स्कॅन काढले, चाचण्या घेतल्या. स्मृतिभ्रंश; साठीच्या माणसाचा मेंदू ऐंशीचा दिसतो, म्हणाले. डोक्याला वारंवार मार बसलेल्यांमध्ये असं दिसतं, पण नेमकं तेच आहे हे माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच सांगता येतं.

"म्हणजे खात्री करायची तर आधी मरायचं," ग्लिन म्हणाला. तेव्हा त्याला सगळं समजत होतं.

दोन वर्षांत जपानी शब्द एकेक करून गळून गेले. तोशिए-सानना इंग्रजी फार येत नाही. तीस वर्षं त्यांच्या घराची भाषा जपानीच होती. एका दुपारी त्यांनी आमचं दार वाजवलं. चेहरा पांढराफटक.

"चारुता-सान, जरा येता का? ते काहीतरी सांगतायत. महत्त्वाचं दिसतंय. मला कळत नाहीये."

मी गेले. ग्लिन लालबुंद होऊन उभा होता. त्याला एवढंच सांगायचं होतं की चहा गार झालाय.

तेव्हापासून मी दिवसातून एक-दोनदा त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. नवरा इंग्रजीत बोलणार, मी ते जपानीत बायकोला सांगणार. पुण्याहून आलेली एक बाई तिसाव्या वर्षाला टेकलेल्या संसारात दुभाषी! कधी कधी तो असं काही बोलायचा की मधे मी नको होते. एकदा म्हणाला, "तिला सांग, ती खोलीत आली की मला अजून बरं वाटतं." मी ते जपानीत सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

२०२४च्या मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं. संघाला साठ वर्षं होत होती. नोव्हेंबरमध्ये सोहळा, जुन्या खेळाडूंचा सत्कार, आणि खास आकर्षण म्हणून 'इशिआतामा पुन्हा मैदानात': लहान मुलांनी कॉर्नर मारायचा आणि पॅरी-सानने पूर्वीसारखा डोक्याने गोल करायचा. चेंडू मऊ असेल, असं खाली लिहिलं होतं.

तोशिए-साननी ते पत्र दोनदा वाचलं आणि कंपनीला फोन करून भेट मागितली. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. ग्लिनच्या दुखापतींच्या जुन्या नोंदी, डॉक्टरांना दाखवायला. आणि संघाच्या फुटबॉल-शाळेत आजही दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून डोक्याने चेंडू मारण्याचा सराव करून घेतात, तो बंद व्हायला हवा होता.

"तू कशाला जातेस?" विश्वजित म्हणाला. "ती कंपनी आमची क्लायंट आहे, चारू. अख्खा मजला त्यांच्या कामावर चालतो."

"मी फक्त ट्रान्सलेट करणार आहे."

"फक्त तेवढंच कर मग."

जूनमध्ये आम्ही तिघं दोनदा गाड्या बदलून कावासाकीला गेलो. जनसंपर्क विभागाचे निशिमोतो-सान आले. चाळिशीचा माणूस, गुळगुळीत, नम्र. गार बार्लीचा चहा आला. नोंदींबद्दल विचारल्यावर त्यांनी मान तिरकी करून दातांतून हवा ओढली. इतक्या जुन्या नोंदी नियमाप्रमाणे नष्ट केल्या जातात, अत्यंत खेदाची गोष्ट आहे. मुलांच्या सरावाबद्दल म्हणाले, सर्व दृष्टींनी विचार करू.

मी ते ग्लिनला सांगितलं. तो त्या दिवशी लख्ख होता. दोन्ही हात टेबलावर ठेवून तो पुढे झुकला आणि इंग्रजीत म्हणाला, "ह्याला सांग. तुम्ही माझं डोकं वापरलं, आणि आता ते फुटलंय तर पावती हरवली म्हणता. मी बेशुद्ध पडायचो आणि तुमचा डॉक्टर पाणी ओतून मला परत पाठवायचा. तुम्ही हरामखोर आहात. आणि मी तुमच्याच मैदानावर पोरांना तेच शिकवलं, म्हणून मीही हरामखोर आहे. सांग त्याला."

निशिमोतो-सान माझ्याकडे बघत होते. मला विश्वजितचा अख्खा मजला दिसला. आणि माझ्या तोंडून, अतिशय शुद्ध, अतिशय आदरार्थी जपानीत बाहेर पडलं, "पॅरी-साननी आपल्या प्रयत्नांबद्दल आभार मानले आहेत. तब्येतीमुळे ते थोडे चिंतेत आहेत."

निशिमोतो-सान वाकले. ग्लिनने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणाले.

त्याचं समाधान झालं. मला विसरता येत नाही ते हेच, की त्याचं समाधान झालं.

परतताना गाडीत तो झोपला. तोशिए-सान माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पाठ ताठ.

"त्यांनी एवढंच म्हटलं होतं का?" त्यांनी विचारलं.

मी ग्लिनच्या कलंडलेल्या डोक्याकडे बघितलं.

"मला इंग्रजी येत नाही," त्या म्हणाल्या, "पण नवऱ्याचा चेहरा वाचता येतो. आभार मानतानाचा चेहरा तसा नसतो."

मी माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली नाही, नाकारलीही नाही. म्हणाल्या, "मीही तेच करत आले. आयुष्यभर." घरी आल्यावर त्यांनी शिवणाच्या डब्याखालून पाच छोट्या वह्या काढल्या. दवाखान्याचं मोठं रजिस्टर कंपनीचं होतं. पण नर्सिंगच्या शाळेत लागलेल्या सवयीमुळे तोशिए-सान रोज स्वतःच्या वहीतही दोन ओळी लिहायच्या. त्या वाचत गेल्या, मी ऐकत गेले. 'पॅरी. समोरच्याच्या डोक्यावर आपटला. दीड मिनिट बेशुद्ध. वांती. दुसऱ्या अर्ध्यात खेळला.' 'पॅरी. आपला गोल कुठला ते विचारत होता. डॉक्टर म्हणाले, थंड पाणी. खेळला.' सात वर्षांत अशा अकरा नोंदी.

"डॉक्टर म्हणायचे आणि मी पाणी ओतायचे," तोशिए-सान म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण वही धरलेला अंगठा पांढरा पडला होता. "त्याचे खांदे धरून उभं करायचे. पाठीवर थाप मारायचे. जा, म्हणायचे. मला कळत होतं, चारुता-सान. मी शिकलेली परिचारिका होते. उलटी झालेल्या माणसाला पळायला पाठवत नाहीत, हे मला कळत होतं."

त्यांनी वह्यांबद्दल कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं. वैद्यकीय माहिती गोपनीय असते; माजी कर्मचाऱ्याने ती खाजगी वहीत ठेवणं हा गंभीर प्रश्न होऊ शकतो; तरी सोहळ्याला अवश्य यावे. तोशिए-साननी पत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाल्या, "जाऊ या."

सोहळ्याच्या आदल्या दिवशी मी विश्वजितला सांगितलं, उद्या मी एकही शब्द न बदलता सांगणार आहे. तो बराच वेळ भांडी घासत राहिला. मग म्हणाला, "मजला काही माझ्या बापाचा नाही. जा."

नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन होतं. हजार-बाराशे माणसं असतील. तो जुना फलक त्यांनी कुठून तरी काढला होता. भोंग्यावर नाव पुकारलं गेलं आणि ग्लिन मैदानात गेला. गर्दी 'इशिआतामा' म्हणून ओरडायला लागली तसा त्याचा चेहरा उजळला. मला वाटतं त्याला १९९२ साल दिसत होतं. निळ्या जर्सीतली मुलं कोपऱ्यात उभी राहिली. निशिमोतो-सान माइक घेऊन हसत होते. एका मुलाने चेंडू मारला, तो उंच वळण घेत आला, आणि त्या चौसष्टीला टेकलेल्या माणसाचे गुडघे आपोआप वाकले. उडी घेण्यासाठी.

तोशिए-सान माझ्या शेजारून कधी निघाल्या मला कळलंच नाही. पाच फूट उंचीची बाई, राखाडी कोट, हातात पर्स. त्या धावत गोलपुढे गेल्या आणि दोन्ही हातांनी नवऱ्याला मागे ढकललं. चेंडू त्यांच्या खांद्यावर आदळून गवतात गेला. लोक हसले. गंमत आहे असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी निशिमोतो-सानच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, हात पुढे केला आणि त्या माणसाने सवयीने देऊन टाकला.

"मी इथल्या दवाखान्यात होते," त्या म्हणाल्या. "हा माणूस या मैदानावर अकरा वेळा डोक्यावर पडला. चार वेळा बेशुद्ध झाला. प्रत्येक वेळी मी पाणी ओतून त्याला परत पाठवलं. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पाठवलं, पण हात माझे होते. आज त्याला माझी भाषा कळत नाही. कंपनी म्हणते नोंदी नाहीत. माझ्याकडे आहेत."

आता कुणी हसत नव्हतं. त्यांनी वही उघडली आणि तारखा वाचायला सुरुवात केली. चौथ्या तारखेला माइक बंद झाला. त्या वाचत राहिल्या, आवाज न चढवता, अकराही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या खेळाडूंनी माना खाली घातल्या होत्या. पण एक जण उठला आणि वाचन संपेपर्यंत उभा राहिला.

मीही मैदानात जाऊन ग्लिनजवळ उभी राहिले होते. त्याने माझा हात धरला. "काय म्हणतेय ती?"

मी त्याला सांगितलं. या वेळी प्रत्येक शब्द सांगितला. तो ऐकत राहिला, बायकोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तिला सांग, मी तिचं ऐकलं नसतं. तिने थांबवलं असतं तरी गेलो असतो." मी तेही तोशिए-सानना जसंच्या तसं सांगितलं. त्या त्याच्यावर उखडल्या. "सांगा त्यांना, ते मी ठरवायचं होतं! थांबवणं माझं काम होतं!" भर मैदानात, हजार माणसांपुढे, नवरा-बायकोचं भांडण मी दोन भाषांत मांडत होते, आणि माझ्या जिभेवर एकही आदरार्थी शब्द येत नव्हता.

आठवड्याने निशिमोतो-सान दुसऱ्या एका माणसाला घेऊन फुनाबोरीला आले. उंची मिठाईचा खोका आणि वाकून केलेला नमस्कार. गैरसमजाबद्दल दिलगिरी. तोशिए-साननी खोका उंबऱ्यावरच राहू दिला. "गैरसमज कुणाचा?" त्यांनी विचारलं. दोघे पुन्हा वाकले. खोका त्यांच्याबरोबर परत गेला. क्लबच्या भिंतीवरून ग्लिनचा फोटो उतरला, असं एका जुन्या खेळाडूने कळवलं. विश्वजितला ऑफिसात कुणी चकार शब्द विचारला नाही. ज्या भीतीपोटी मी जूनमध्ये खोटं बोलले, ती भीती निव्वळ माझ्या डोक्यात होती.

मार्चमध्ये क्लबच्या संकेतस्थळावर दोन ओळी आल्या. बारा वर्षांखालच्या मुलांचा डोक्याने चेंडू मारण्याचा सराव बंद करण्यात येत आहे. कारण दिलेलं नव्हतं, ग्लिनचं नाव नव्हतं. मी आनंदाने धावत चौथ्या मजल्यावर गेले. तोशिए-साननी फोन हातात घेऊन वाचलं आणि टेबलावर पालथा ठेवला.

"दोन ओळींत बंद करता येतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेव्हाही दोन ओळींतच झालं असतं."

आता ग्लिनची इंग्रजीही विरत चालली आहे. सकाळी तो वेल्श बोलतो, लहानपणीची भाषा, आणि ती ना मला येत ना तोशिए-सानना. त्याची बहीण तिकडून व्हिडिओवर बोलते, ती इंग्रजीत मला सांगते, मी जपानीत पुढे सांगते. बहुतेक वेळा तो खाणीतल्या भोंग्याबद्दल, आईच्या हाकेबद्दल बोलत असतो. कधी नुसताच चिडतो, टेबलावर मुठी मारतो, आणि का चिडला ते बहिणीलाही कळत नाही. तोशिए-सान त्याला शांत हो म्हणत नाहीत. मुठी थांबेपर्यंत शेजारी बसून राहतात.

त्या पाच वह्यांत फक्त ग्लिन नाही. आणखी सहा खेळाडूंची नावं आहेत. तोशिए-साननी जुन्या पत्त्यांवरून एकेकाला शोधायला घेतलं. दोघे वारले आहेत. एकाचा मुलगा दवाखान्याचं नाव ऐकताच फोन ठेवून देतो. सोहळ्यात उभा राहिलेला माणूस त्यांतलाच. तो म्हणाला, मला काही झालेलं नाही, पण माझी नोंद वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवली. सहाव्याचा पत्ता अजून लागलेला नाही, पाचवा उरायासुला राहतो. गेल्या मंगळवारी त्याच्या बायकोने फोन उचलला. मी समोरच बसले होते. तोशिए-साननी नाव सांगितलं, दवाखाना सांगितला, आणि विचारलं, "तुमचे यजमान कसे आहेत?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग ती बाई मोठ्याने बोलू लागली, इतक्या मोठ्याने की मला टेबलापलीकडे ऐकू येत होतं. "तीस वर्षांनी विचारताय?" ती ओरडत होती. "तीस वर्षांनी?"

"हो," तोशिए-सान म्हणाल्या. "ओरडा. मी ऐकतेय." आणि त्यांनी वहीचं नवं पान उघडलं.